साधेपणाची तपासणी

साधी राहणी समितीनं पहिला ठराव केला तो कपाट घेण्याचा. कागद ठेवायला जागा हवी, हे तपासनीसांचं म्हणणं कुणाला खोडून काढता आलं नाही. कपाट आलं. मग कपाटात ठेवायला फायली आल्या, फायलींवर मारायला शिक्का आला, शिक्का कोरडा पडू नये म्हणून शाईची गादी आली. महिन्याभरात अशी वेळ आली, की गरजेपेक्षा जास्त वस्तू बाळगणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव समितीचंच घालावं लागतं की काय.

चर्चच्या पाळकसाहेबांच्या मनात यातलं काहीही नव्हतं. त्यांनी लागोपाठ चार रविवार साधेपणावर उपदेश केला, एवढाच त्यांचा अपराध. दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा, हे सांगून झालं. श्रीमंत माणूस, उंट आणि सुईचं नेढं हेही सांगून झालं. उंटाबद्दल बोलताना त्यांनी नजर छताकडे ठेवली होती, कारण पहिल्या दोन रांगांत बरेच उंट बसले होते. नेहमीसारखं झालं असतं तर उपासनेनंतर लोक अंगणात चहा पीत उभे राहिले असते, आजचा उपदेश फार मनाला लागला असं त्यांनी एकमेकांना सांगितलं असतं आणि दुपारच्या झोपेत सगळं विरून गेलं असतं. आजवर त्या अंगणात कितीतरी उत्तम उपदेश असे विरून गेलेले आहेत.

पण तपासनीस उठून उभे राहिले.

तपासनीस वजनमापे खात्यात होते. सत्तावीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासत आलेल्या माणसाला मोघम बोलणं सोसत नाही. गरजेपेक्षा जास्त म्हणजे नेमकं किती, हा त्यांचा प्रश्न होता. मापाशिवाय कमी काय आणि जास्त काय? पाळकसाहेब म्हणाले की ते ज्याच्या त्याच्या अंतःकरणाला कळतं. यावर तपासनीस नुसते हसले. अंतःकरणावर सोडलं असतं तर त्यांच्या खात्याची गरजच काय होती?

समिती झाली. अध्यक्ष तपासनीस. चिटणीस म्हणून एक निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना घरी कुणी बोलू देत नसे. तपासनीसांनी आठवडाभर रात्रीचं जेवण उशिरा करून एक फॉर्म तयार केला. चार पानं, एकसष्ट प्रश्न. त्यात चादरींचेच तीन प्रकार होते: वापरातल्या, पाहुण्यांसाठीच्या, आणि का ठेवल्या ते सांगता येत नाही अशा. शेवटच्या पानावर नियम होते. कलम नऊ असं की चर्चच्या मंडळीकडून धान्य, औषध किंवा निवारा घेणाऱ्या व्यक्तीकडे जास्तीचं सामान आढळल्यास मदत बंद करण्यात येईल. कलम चौदा असं की अशा व्यक्तीची तपासणी आगाऊ सूचना न देता करण्यात येईल. बाकीच्यांना आठ दिवसांची लेखी सूचना. प्रतिष्ठित माणसाच्या घरी असं अचानक जाणं बरं दिसत नाही.

मंडळीत मदत घेणारी व्यक्ती त्या वेळी एकच होती. चर्च झाडणाऱ्या मावशी. चर्चच्या मागे एक खोली, महिन्याचं धान्य आणि दम्याचं औषध एवढं त्यांना मिळे. आता एका व्यक्तीसाठी दोन कलमं म्हणजे जरा जास्तच झालं. पण कलमं लिहिताना माणसाला लय सापडते.

फॉर्म भरून आले तेव्हा समितीला धक्का बसला. इतकी दरिद्री मंडळी आसपासच्या शंभर मैलांत नसावी. दाताच्या डॉक्टरांनी दोन गाड्यांपुढे ‘एक वापरातली, एक भावनिक’ असं लिहिलं होतं. तपासनीसांच्या खालच्या मजल्यावरच्या कंत्राटदारानं जास्तीच्या वस्तूंच्या रकान्यात फक्त ‘जबाबदाऱ्या’ एवढाच शब्द लिहून खाली सही केली होती. सगळ्या मंडळीत मिळून फेकण्याजोगी अशी एक छत्री निघाली, ती मावशींची. तिच्यापुढे त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, ‘काडी मोडली आहे, पण द्यायला तयार.’

तेव्हा घरोघर जाऊन पाहायचं ठरलं. ते तपासनीसांनीच ठरवलं. दुकानदार तोंडानं सांगतो ते वजन कुणी खरं धरतं का? ठराव मंजूर झाला, शिक्का बसला, आणि शिक्क्याची शाई वाळायच्या आत चिटणीस म्हणाले की सुरुवात अध्यक्षांच्याच घरापासून व्हावी, म्हणजे मंडळीला कित्ता मिळेल. पोस्टात पस्तीस वर्षं काढलेला माणूस कुठला लिफाफा कुठे टाकायचा ते बरोबर जाणतो.

तपासनीस घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या घराकडे खात्याच्या नजरेनं पाहिलं.

जेवणाच्या भांड्यांचे तीन संच निघाले. एक रोजचा, एक पाहुण्यांचा आणि एक इतका चांगला की त्या तोलाचा पाहुणा अजून आलेलाच नव्हता. अकरा ब्लँकेटं. मोठ्या बॅगेत मधली बॅग, मधलीत लहान, आणि लहान बॅगेत पुन्हा दोन पिशव्या. भिंतीवरची सात घड्याळं, सगळी वेगवेगळी वेळ दाखवणारी. तपासनीसांची बायको माळ्यावरून एकेक वस्तू खाली देत होती आणि मधूनमधून शांतपणे माहिती पुरवत होती.

“आपल्याकडे सहा इस्त्र्या आहेत, माहीत होतं का तुम्हाला?”

“चालू किती?”

“एक. तीही शेजारच्यांची आहे.”

यातलं बरंचसं तपासनीसांनी विकत घेतलेलं नव्हतं. दुकानदार प्रेमानं देत. सणासमारंभाला, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला, कधी उगीचच. तपासनीसांनी कधी कुणाकडे काही मागितलं नाही, हे ते कुणालाही छातीवर हात ठेवून सांगत. नाही म्हटलं होतं का, असं अजून कुणी विचारलं नव्हतं.

बायकोचं मत असं पडलं की आहे ते दाखवावं. लोक दोन दिवस हसतील आणि मग स्वतःच्या माळ्यांकडे बघून गप्प बसतील. तपासनीसांना हे पटणं शक्य नव्हतं. अध्यक्षांच्या घरात सात घड्याळं? मग ते कंत्राटदाराकडे सल्ल्याला गेले. सल्ला मागायला नाही, सहज गेले होते. पण कंत्राटदार ज्ञानी माणूस. तो म्हणाला, देऊन टाकायचं असेल तर वेळ लागतो, कारण घेणारा शोधावा लागतो. लपवायला फक्त एक टेम्पो पुरतो. त्यानं स्वतःची दोन कपाटं मेहुण्याकडे हलवलीच होती.

तपासनीस आपल्या मेहुण्याकडे गेले. तर मेहुण्याच्या घरात दाताच्या डॉक्टरांचा सोफा उभा करून ठेवलेला. मेहुणा स्वतः जिन्यात बसून पेपर वाचत होता. चुलत भावाकडे गेले, तिथे न्हाणीघरात दोन कुटुंबांची काचेची भांडी. ऑफिसातल्या शिपायाच्या गच्चीवर शिवणयंत्रं, झुंबरं आणि एक पियानो, ताडपत्रीखाली. साधेपणा सगळ्या गावात असा काही पसरला होता की कुठे पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

जागा उरली होती ती फक्त एका ठिकाणी. गरिबीचा हा एक फायदा कुठल्याही उपदेशात येत नाही. गरिबाच्या घरात जागा असते.

मावशी चर्चच्या पायऱ्या पुसत होत्या तेव्हा तपासनीस त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. काय सांगायचं ते त्यांनी वाटेत नीट जुळवलं होतं: घराला रंग द्यायचाय, थोडं सामान आहे, दोनच दिवस. मावशींनी रंगाबद्दल काही विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की खोली उघडीच असते, आणा. तपासनीस दोन पावलं गेले आणि परत आले.

“मावशी, हे कुणाला सांगायचं नाही.”

“नाही सांगत, साहेब.”

गुरुवारी दुपारी टेम्पो आला. फाटकावरच्या वॉचमननं तो अडवला, कारण इमारतीतून सामान बाहेर नेताना पास लागतो. पास तीन प्रतींत, आणि खाली इमारतीच्या सेक्रेटरीची सही. सेक्रेटरी झोपले होते. ते उठेपर्यंत टेम्पो भर उन्हात, सात घड्याळांसकट, फाटकात उभा राहिला, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण तपासनीसांना बदली कुठे झाली असं विचारून गेला. पासावर ‘सामान हलवण्याचे कारण’ असा रकाना होता. तपासनीसांनी बराच विचार करून ‘साधी राहणी’ असं लिहिलं. सेक्रेटरींनी ते वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि सही केली. अशा वेळी माणसानं दुसरीकडे बघायचं असतं, म्हणून तपासनीस घड्याळांकडे बघत राहिले. तिथेही एकमत नव्हतं.

शनिवारची तपासणी फार सुंदर झाली. पाळकसाहेब, चिटणीस आणि समितीचे आणखी दोघे आले आणि रिकाम्या खोल्यांतून हळू आवाजात बोलत फिरले. घरात कप तीनच ठेवले होते, त्यामुळे दोघांना चहासाठी थांबावं लागलं. बायकोनं कप विसळून पुन्हा भरले आणि त्या वेळात नवऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. घड्याळं काढल्यामुळे भिंतीवर सात फिकट गोल उरले होते. पाळकसाहेबांनी त्यांतल्या एका गोलावर हात ठेवला. त्यांना भरून आलं. म्हणाले, सोडून दिलेल्या गोष्टींची खूण अशी राहते. तपासनीसांनी मान खाली घातली. ती नम्रता आहे असं सगळ्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्यांनाही तसंच वाटलं.

इथेच दिवस संपायला हवा होता. पण चिटणीसांना हुरूप आला. मावशींची खोली वाटेतच आहे, तेवढं एक नाव आजच उरकून टाकू, असं ते म्हणाले. तपासनीसांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांनी ऊन फार असल्याचं सांगितलं. मावशींना बरं नसेल असं सांगितलं. शेवटी, सूचना दिल्याशिवाय जाणं योग्य नाही, असंही सांगितलं. चिटणीसांनी फाईल उघडून त्यांना कलम चौदा वाचून दाखवलं. फार स्पष्ट लिहिलेलं कलम होतं. त्यात पळवाट काढायला जागा नव्हती, याचं तपासनीसांना एके काळी कौतुक वाटलं होतं.

मावशी खोलीच्या बाहेर, दगडावर बसल्या होत्या. आत बसायला जागा नव्हती. दारापासून भिंतीपर्यंत खोकी, खोक्यांवर बॅगा, बॅगांवर ब्लँकेटं. मावशींनी त्यावर स्वतःची चादर पसरून ठेवली होती, धूळ बसू नये म्हणून. आत एक घड्याळ टिकटिकत होतं, मग दुसरं टिकटिकलं. चिटणीस दारातच थांबले. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला सुरुवात केली.

“मावशी, हे सगळं कुणाचं?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“ठेवायला दिलंय.”

“कुणी?”

“ते सांगणार नाही, असं मी सांगितलंय.”

त्या तपासनीसांकडे वळल्यासुद्धा नाहीत. डोळ्यांनी खूण करणं, सुस्कारा टाकणं, यातलं काही नाही. त्यांनी शब्द दिला होता आणि तो त्यांच्या लेखी तिथेच संपला होता. समितीतल्या एकानं चोरीचा संशय बोलून दाखवला. दुसरा म्हणाला, चोरी नसेल, पण बाई इतकी वर्षं मंडळीचं धान्य खात होती आणि घरात हे. तपासनीसांच्या हातात मोजायची टेप होती. तिचं एक टोक चिटणीसांकडे होतं आणि दुसरं सोडून देता येत नव्हतं.

बोलायचं तर त्याच वेळी बोलायला हवं होतं. तपासनीसांनी तोंड उघडलंही; पण बाहेर आला तो खोकला. मग चिटणीसांनी कलम नऊचा कागद पुढे केला. उद्याच्या सभेत निर्णय होईपर्यंत धान्य आणि औषध बंद, खोली रिकामी करण्याबद्दल विचार व्हावा. खाली अध्यक्षांची सही. तपासनीसांनी सही केली. सही नेहमीसारखी आली, वळणदार, खाली दोन रेघा. हात कापला असता तर निदान पुढे कुणाला सांगता आलं असतं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली असती तर तपासनीसांना बरं वाटलं असतं. भांडण झालं असतं, भांडणात माणसाची बाजू तयार होते. ती फक्त म्हणाली, “तिचं औषध संध्याकाळचं असतं.” मग तिनं पर्स उचलली, औषधाच्या दुकानात जाऊन आली, आणि तेवढ्या वेळात मावशींकडेही जाऊन आली असावी, कारण पिशवी रिकामी होती. तपासनीसांनी विचारलं नाही.

रविवारी उपासनेनंतर सभा भरली. चिटणीसांनी यादी वाचली. प्रत्येक वस्तूला मंडळीतून हळहळ उठत होती. सगळ्यांत मोठी हळहळ दाताच्या डॉक्टरांची होती. मावशी मागच्या बाकाजवळ उभ्या होत्या, हातात फडकं तसंच होतं.

तपासनीस उठून उभे राहिले आणि म्हणाले, “ते सामान माझं आहे.”

मग पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बघा, ते म्हणाले, एका गरीब बाईची अब्रू झाकायला हा माणूस तिचा दोष अंगावर घेतोय. कुणीतरी टाळी वाजवली. बघता बघता सगळी सभा टाळ्या वाजवू लागली. कंत्राटदार सगळ्यांत जोरात वाजवत होता. तपासनीस हात हलवून नाही नाही म्हणत राहिले, आणि त्यांनी जितकं नाही म्हटलं तितकं ते लोकांना थोर वाटत गेले. सत्तावीस वर्षांत त्यांचं खोटं लोकांनी विनातक्रार खरं धरलं होतं. आज पहिल्यांदा खरं बोलले तर ते कुणी घेईना.

वाचवलं ते चिटणीसांनी. भावनेवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी विचारलं, “तुमचं असेल तर पावत्या असतील.”

“पावत्या नाहीत.”

“एकाही वस्तूची नाही?”

“नाही. दिलेल्या वस्तू आहेत.” तपासनीस थांबले. पुढचं वाक्य त्यांनी कुठे जुळवून आणलं नव्हतं. “मी ज्यांचे तराजू तपासतो, त्यांनी दिलेल्या.”

आता कुणी टाळी वाजवली नाही. कंत्राटदार बुटाच्या नाड्या बघू लागला. पाळकसाहेबांचा हात अर्धा वर गेला होता तो तसाच राहिला. कालचा भिंतीवरचा गोल त्यांना आठवला असावा. कुठूनतरी मेहुण्याच्या खोकल्याचा आवाज आला. पाळकसाहेबांनी मावशींकडे वळून विचारलं, हे खरं का.

“ते साहेबांना विचारा,” मावशी म्हणाल्या. “मी बोलणार नाही म्हटलंय.” मग जरा थांबून, कुणाला त्रास तर होणार नाही ना अशा आवाजात त्या म्हणाल्या, “पण सामान कुणाचंही असो, आज नेता आलं तर बरं होईल. तीन रात्री बसून झोपतेय. दम्याला तसं बसलेलं बरं, पण पाय लांब करता येत नाहीत.”

ठराव मागे घेतला गेला, की आपोआप गळून पडला, हे इतिवृत्तात लिहिलेलं नाही. चिटणीसांनी फाईल मिटली, तेव्हा ती पुन्हा उघडेल असं कुणाला वाटलं नाही. लोक घाईघाईनं घरी निघाले. त्या दिवशी दुपारी गावात बऱ्याच ठिकाणी सामान परत आलं म्हणतात. पियानो मात्र शिपायाच्या गच्चीवरून उतरेना.

तपासनीसांनी हातगाडी आणली. टेम्पो रविवारी मिळत नव्हता, आणि मिळाला असता तरी त्यांनी बोलावला असता की नाही, कोण जाणे. बायको बॅगा उचलत होती. मावशी प्रत्येक वस्तू फडक्यानं पुसून मगच त्यांच्या हातात देत होत्या. “जपून, साहेब, काच आहे,” असं प्रत्येक खोक्याला सांगत होत्या. तपासनीसांना त्यांच्याशी काहीतरी बोलायचं होतं. माफी हा शब्द ओठांवर आणून त्यांनी दोनदा गिळला. दर वेळी मावशींच्या हातात काहीतरी नाजूक असे.

शेवटी खोली रिकामी झाली. आत एक खाट, एक चूल, दांडीवर दोन साड्या, कोपऱ्यात काडी मोडलेली ती छत्री. मावशी आत गेल्या आणि भिंतीला टेकून त्यांनी पाय लांब केले. बराच वेळ तशाच बसल्या.

तपासनीसांनी गाडीवरून एक ब्लँकेट काढलं. अकरांतलं सगळ्यात जाड, कधी घडी न मोडलेलं. ते दारात उभे राहून म्हणाले की मावशी, एवढं तरी ठेवून घ्या.

मावशींनी ब्लँकेटाला हात लावून पाहिला. चांगलं आहे म्हणाल्या. मग हात मागे घेतला.

“नको, साहेब. माझ्याकडे एक आहे. दुसरं आलं की तुमच्या कागदात लिहावं लागतं.”

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचार करून बोलल्या होत्या. तपासनीस ब्लँकेट छातीशी धरून गाडीपाशी आले. मग त्यांनी ते गाडीवर टाकलं आणि गाडी ढकलू लागले. गाडी फार जड होती.